बिडाचा जड स्टोव्ह बसवताना जमिनीआधी छप्पर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचगणीजवळ जुनं कौलारू घर. जांभ्याच्या भिंती, खाली शहाबादी फरशी, हॉल २० बाय १५ फूट, माळा नाही, आढं जमिनीपासून १४ फुटांवर. लाकडावर चालणारा बिडाचा नवा स्टोव्ह घेतलाय. वजन १६५ किलो, ताकद ८ किलोवॉट, धुराचं तोंड वरच्या बाजूला, १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंची. फरशी एवढं वजन पेलेल का? आणि फॅब्रिकेटर म्हणतोय तसा चार इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप जवळच्या खिडकीतून बाहेर काढला तर चालेल का?

फरशी पेलेल, थोडी तयारी केली तर. खिडकीतून पाइप मात्र अजिबात काढू नका. वजनाची भीती सगळ्यांना वाटते, कारण ते डोळ्यांना दिसतं. खरं काम धुरांड्याचं आहे. स्टोव्ह ही नुसती बिडाची पेटी. तिच्यात हवा ओढून घेणं, आग पेटती ठेवणं आणि धूर घरात न येऊ देणं हे सगळं वरचा नळा करतो. म्हणून आधी नळा कुठून आणि किती उंच जाणार ते ठरवायचं आणि त्याच्या खाली स्टोव्ह ठेवायचा. बहुतेक घरांत उलट होतं. कोपरा आधी ठरतो आणि मग पाइपला वाकडीतिकडी वाट शोधली जाते.

आधी खिडकीचा विषय संपवू. चार इंची पाइपचं तोंड साधारण ७८ चौरस सेंटिमीटर, सहा इंचीचं १७६. म्हणजे धुराची वाट निम्म्याहून कमी झाली. त्यात खिडकीतून काढायचं तर दोन काटकोनी बेंड आणि मधे आडवा तुकडा आला. बाहेर पाइपचं तोंड वळचणीखाली, म्हणजे उंची जवळपास काहीच नाही. गरम धूर हलका असतो म्हणून वर चढतो आणि त्याच्या मागे ओढ तयार होते. उंचीच नसेल तर ओढ कुठून येणार? दार उघडलं की धूर हॉलमध्ये. जे थोडंफार बाहेर जाईल ते उघड्या गार पाइपमध्ये थिजेल. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ आणि डांबरासारखे पदार्थ असतात. नळ्याची भिंत साधारण १२० अंशांच्या खाली राहिली की ते आतून चिकटतात. हेच क्रिओसोट. सांध्यांतून काळं पाणी भिंतीवर ओघळतं, आणि साठलेला थर एखाद्या दिवशी पेटतो. धुरांड्यातली आग १००० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि तुमच्या घरात तिच्या शेजारी असतील खिडकीची लाकडी चौकट आणि वळचणीच्या रिपा.

जीआयचंही ऐकून ठेवा. जस्ताचा थर ४२० अंशांच्या आसपास वितळतो आणि स्टोव्हजवळच्या पाइपमध्ये तेवढं तापमान येऊ शकतं. जस्ताचा धूर छातीत गेला की हुडहुडी भरून ताप येतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपला टाके मारणारा कुठलाही वेल्डर हे सांगेल. पावसाच्या पन्हळीला जीआय उत्तम, आगीला नाही.

आता ताकदीचा हिशेब, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. तुमच्या हॉलची सरासरी उंची १२ फूट धरली तर आकारमान सुमारे १०० घनमीटर. इंग्लंडात १४ घनमीटरला १ किलोवॉट असा ढोबळ नियम वापरतात, पण तो बाहेर शून्याच्या आसपास थंडी असताना. आपल्याकडे वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या मोजक्या पहाटेच्या. एरवी थंडीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास असतो. आत २२ अंश धरले तर आत-बाहेर फरक १२ अंशांचा. त्या हिशेबाने ४ किलोवॉट पुरे. माळा नसल्यामुळे कौलांतून उष्णता निसटते, म्हणून ५ ते ६ धरा. ८ किलोवॉटचा स्टोव्ह थोडा मोठाच आहे. परत करायची गरज नाही, पण एक सवय आत्ताच लावून घ्या: पेटी खच्चून भरून हवा बंद करून धुमसत ठेवायची नाही. थोडी लाकडं, मोकळी हवा, भडक आग, आणि विझू द्यायची. मोठा स्टोव्ह गळा आवळून चालवला की क्रिओसोट सगळ्यात जास्त साठतं. पुढे कधी लाकडी माळा केलात तर गरज आणखी कमी होईल, आणि नळा माळ्यातून जाताना त्या भागात इन्सुलेटेड करावा लागेल, हे सुताराला आधीच सांगून ठेवा.

जागा ठरवायला ओळंबा घ्या. नळा आढ्याच्या जितका जवळ बाहेर पडेल तितकं चांगलं: आत जास्त लांबी उबदार राहते, बाहेर कमी उघडी पडते, आणि भोकाच्या वरून वाहत येणारं पाणीही कमी. आढ्यापासून साधारण ६० सेंटिमीटर बाजूला, दोन वाशांच्या बरोबर मधला बिंदू निवडा. तिथून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा. त्या खुणेवर स्टोव्हच्या धुराच्या तोंडाचा मध्य आला पाहिजे. बेंड एकही नको. अगदीच अडलं तर ४५ अंशांचे दोन चालतील. हॉलच्या मध्याकडे स्टोव्ह आला म्हणून घरचे कुरकुरतील. उष्णताही तिथूनच नीट पसरते, हे सांगून बघा.

इन्सुलेटेड नळ्याचा बाहेरचा व्यास २५० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना लाकडापासून ५० मिलिमीटर मोकळं, म्हणजे वाशांमध्ये ३५० मिलिमीटर स्वच्छ अंतर हवं. वासे दीड फुटावर असतील तर हे बसतं आणि फक्त रिपा कापाव्या लागतात. जवळजवळ असतील तर एक वासा कापून वर-खाली आडवी लाकडं देऊन चौकट करावी लागेल. ते काम फॅब्रिकेटरकडून नको, सुताराकडून करून घ्या. कापलेला वासा तसाच लोंबता ठेवला तर दोन पावसाळ्यांत तिथे पाखं बसतं.

उंची: आढ्यापासून ३ मीटरच्या आत नळा असेल तर त्याचं तोंड आढ्याच्या किमान ६० सेंटिमीटर वर पाहिजे, नाहीतर पाख्यावरून उलटणारा वारा धूर परत ढकलतो. नळा छपरातून बाहेर पडतो तिथूनही किमान ९० सेंटिमीटर हवाच. शिवाय स्टोव्हच्या माथ्यापासून टोपीपर्यंत एकूण साडेचार मीटर ही ओढ मिळायची किमान उंची समजा. तुमचं आढं ४.३ मीटरवर, स्टोव्हचा माथा समजा ०.७५ वर. आढ्याच्या वर ६० सेंटिमीटर घेतले तर एकूण ४.१५ मीटरच होतात, कमी पडतात. १ मीटर घेतलात की साडेचार पूर्ण. पाचगणीच्या उंचीवर हवा सपाटीपेक्षा विरळ असते, त्यामुळे ओढही थोडी कमीच मिळते. इथे काटकसर करू नका. ३० अंशांच्या उताराला छपराबाहेर साधारण १.३५ मीटर नळा उघडा राहील. दीड मीटरच्या आत असल्यामुळे तणाव्यांची सक्ती नाही, पण टेबललँडवरचा वारा ज्याने पाहिलाय तो दोन तिरक्या दांड्या लावल्याशिवाय राहणार नाही. त्या वाशांना बोल्टने, कौलांना नाही.

आता जमीन. रहिवासी स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो चल भार धरून काढलेला असतो, त्यामुळे वरच्या मजल्यावर असता तर भिंतीलगत किंवा बीमवर ठेवा आणि इंजिनीअरला दाखवा म्हटलं असतं. जुन्या लाकडी माडीवर तर त्याशिवाय नकोच. तुमचं तळघर नाही, थेट मुरुमाच्या भरावावर फरशी आहे, म्हणजे एकूण वजनाचा प्रश्न नाही. प्रश्न चार पायांचा आहे. लाकडासकट प्रत्येक पायावर ४० ते ४५ किलो, तेही दोन बोटं रुंद जागेवर. फरशीवर नाणं वाजवत फिरा. बद्द आवाज आला तिथे खाली पोकळी आहे. जुन्या घरांत घुशींनी भराव पोखरलेला असणं अगदी नेहमीचं, आणि पोकळीवरची शहाबादी पहिल्याच महिन्यात तडकते. एक पाय खचला की उभा नळा कलतो आणि वरचा सांधा उघडतो. खरा धोका तो आहे.

म्हणून १२० बाय १२० सेंटिमीटरची फरशी उचला, पोकळ्या भरून मुरूम पाणी मारून धुम्मसाने ठोका, आणि ७५ मिलिमीटर जाडीचं काँक्रीट टाका. ८ मिलिमीटरच्या सळ्या दोन्ही दिशांना १५० मिलिमीटरवर, सुमारे ८ किलो लागतील. काँक्रीट एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी), एक पोतं सिमेंट पुरतं. वर कडाप्पा किंवा काळ्या दगडाची घडीव लादी. १४ दिवस पाणी मारा, त्याआधी स्टोव्ह वर चढवू नका. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांना बघून घ्या. उडालेल्या निखाऱ्यांसाठी दारापुढे किमान ४५ सेंटिमीटर दगडच राहू द्या. सतरंजी, जाजम तिथपर्यंत येऊ द्यायचं नाही.

लाकडापासूनचं अंतर हा विषय जुन्या घरांत फसवा असतो. जांभा जळत नाही, त्यामुळे मागच्या भिंतीपासून हवा खेळायला १५ सेंटिमीटर पुरतात. पण भिंत गिलाव्याखाली पूर्ण जांभ्याचीच आहे का ते बघा. जुन्या घरांत भिंतीत लाकडी खांब गाडलेले असतात, खिडकीवर लाकडी पाटी असते आणि वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. उघड्या लाकडापासून स्टोव्ह ९० सेंटिमीटर लांब हवा. तेवढी जागा नसेल तर मधे पत्र्याची ढाल लावून ३० पर्यंत येता येतं, पण ढाल म्हणजे ०.६ मिलिमीटरचा पत्रा, लाकडापासून २५ मिलिमीटर सुटा, खालून-वरून मोकळा, मधे पाइपचे तुकडे किंवा चिनी मातीच्या बुशा. पत्रा किंवा सिमेंट शीट थेट लाकडावर ठोकली तर उपयोग शून्य; ती तापते आणि मागचं लाकूडही तापतं. वर्षानुवर्षं असं भाजत राहिलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं, त्यामुळे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा दिलासा नाही. एकेरी काळ्या पाइपपासून लाकूड ४५ सेंटिमीटर. स्टोव्हसोबतच्या पुस्तिकेत याहून जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळा.

नळ्याचे दोन भाग. स्टोव्हपासून साधारण ३.३ मीटर उंचीपर्यंत एकेरी पाइप: १.२ मिलिमीटर एमएस (साधं पोलाद), १५० मिलिमीटर व्यास, मीटरला साडेचार किलोच्या आत, त्यामुळे हा स्टोव्हवर उभा राहिला तरी चालतो. सांध्यांत वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत, ४० मिलिमीटर. धूर वर जातो म्हणून खालचा वरच्यात घालायचा मोह फॅब्रिकेटरला हमखास होतो. ओघळणारं डांबर सांध्यातून बाहेर न येता स्टोव्हमध्येच परत पडलं पाहिजे, म्हणून वरचा खालच्यात. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

तिथून वर साधारण २ मीटर इन्सुलेटेड नळा. आतला एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ किंवा ३०४, १ मिलिमीटर. बाहेरचा एसएस ३०४, ०.८ मिलिमीटर, मधे ५० मिलिमीटर सिरॅमिक ब्लँकेट, १२८ घनतेचं (घनमीटरला १२८ किलो), २५ चे दोन थर सांधे चुकवून. तयार नळा मिळाला तर घ्या. नाहीतर भुईंजपासून कराडपर्यंत साखर कारखान्यांच्या बॉयलरचं क्लॅडिंग करणारी माणसं हे काम डोळे झाकून करतात. गाळप संपलं की ती ओव्हरहॉलिंगमध्ये अडकतात, तेव्हा आधी गाठा. घराची ग्रिलं करणाऱ्याकडून हे करून घ्यायचं असेल तर दोन गोष्टी कागदावर काढून द्या.

पहिली, आतला नळा लांबतो. ४०० अंशांनी तापला तर २ मीटरला साधारण १४ मिलिमीटर. दोन्ही टोकांना टाके मारून पक्का केला तर काही दिवसांत टाका तुटतो किंवा नळा पोक काढतो. खालच्या टोकाला रिंग घालून पक्का, वरचं टोक मोकळं. दुसरी, वरच्या टोकाला ब्लँकेट उघडं राहिलं तर पहिल्याच पावसात ते भिजून चिंब होतं, आणि ओलं ब्लँकेट असून नसल्यासारखं. म्हणून आतल्या नळ्याला वर एक झालर जोडा, जी बाहेरच्या नळ्यावरून ४० मिलिमीटर खाली येईल पण त्याला चिकटणार नाही. नळा लांबला तरी झालर वर-खाली सरकते, पाणी आत जात नाही.

या २ मीटर नळ्याचं वजन २५ किलोच्या आसपास होतं. ते स्टोव्हवर टाकायचं नाही. ४० बाय ४० चे दोन अँगल वाशांवर आडवे टाका, त्यांना क्लँप, आणि नळा त्यावर टांगा. वरच्या नळ्याचं टोक एकेरी पाइपच्या आत थोडं सरकतं ठेवा, म्हणजे स्टोव्ह दुरुस्तीला बाजूला काढता येतो.

कौलांतलं भोक हे पावसाळ्याचं काम आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. पाचगणीला बराच कमी, पण धुक्यातला आडवा पाऊस तुमच्याकडेही आहेच. भोकाभोवती पत्रा बसवायचा. नियम एकच: पत्र्याची वरची कड वरच्या कौलांखाली, खालची कड खालच्या कौलांवर. वर किमान ३० सेंटिमीटर आत जाऊ द्या. खाली दोन कौलं झाकली जातील इतका मऊ ॲल्युमिनियमचा किंवा शिशाचा पत्रा घ्या आणि कौलाच्या नळ्यांमध्ये लाकडी हातोडीने बसवा. बाजूच्या कडा वर दुमडा. मधला उभा गळा नळ्यापेक्षा मोठा असतो. त्याच्यावर नळ्याला आवळून बसणारी कॉलर, आणि कॉलरच्या वरच्या कडेला लाल हाय-टेंपरेचर सिलिकॉन. गळा आणि नळा एकमेकांना चिकटवायचे नाहीत, मधल्या फटीतून हवा खेळली पाहिजे. डांबराची पट्टी, एम-सील, साधं बाथरूमचं सिलिकॉन यांवर भिस्त ठेवलीत तर जुलैत हॉलमध्ये बादली ठेवावी लागेल. गळतीचं पाणी सिलिकॉनने अडवायचं नसतंच, पत्र्याच्या घडीने अडवायचं असतं.

टोपीला जाळी लावा, छिद्रं १२ मिलिमीटरची. ठिणग्या अडतात, पाकोळ्या आत येत नाहीत. बारीक जाळी लावलीत तर काजळीने महिन्याभरात बुजेल. डिसेंबरनंतर आसपासचं गवत वाळलेलं असतं, तेव्हा जाळी काढून टाकायची नाही.

घरात जुनी फायरप्लेस असेल, जशी पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत असते, तर स्टोव्हचा पाइप त्या दगडी धुरांड्यात नुसता सोडू नका. १२ बाय १२ इंची धुरांड्याचं तोंड तुमच्या पाइपच्या पाचपट आहे. धूर त्यात गार होऊन रेंगाळतो. आतून १५० मिलिमीटरचा स्टीलचा लायनर थेट टोपीपर्यंत न्यावा लागतो.

हवेचं आता सांगतो, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. स्टोव्ह जळताना खोलीतली हवा खातो. स्टोव्हच्या मागच्या भिंतीतून १०० मिलिमीटरचा पाइप बाहेर काढा, बाहेरच्या बाजूला थोडा उतार आणि जाळी. कौलारू घर तसंही फटींचं असतं, पण पावसाळ्यात भिंतींना आणि खिडक्यांना प्लॅस्टिक बांधायची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्या दिवसांत घर डब्यासारखं बंद होतं. तेव्हा हा पाइपच कामाला येतो. त्याचं तोंड प्लॅस्टिकखाली जाऊ देऊ नका. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक चिमणी. ती तासाला १००० घनमीटर किंवा जास्त हवा खेचते. हॉल आणि स्वयंपाकघर एकच असेल तर ती चालू करताच स्टोव्हचा धूर उलटा घरात येईल. दोन्ही एकावेळी चालवायचेच असतील तर स्वयंपाकघराची खिडकी उघडी पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, बॅटरीवरचा, स्टोव्हपासून २ ते ३ मीटरवर, आणि झोपायच्या खोलीत आणखी एक. या वायूला वास नसतो. निखारे लाल असताना झडप पूर्ण बंद करून झोपायचं नाही. धूर दिसेनासा झाला तरी निखारे हा वायू सोडतच असतात.

१६५ किलो उचलणं फार अवघड नाही, काम बिघडतं ते घाईने. दार, आतल्या भट्टीच्या विटा, वरची आडवी पट्टी (आगीच्या वर धूर वळवणारी) आणि सुटणारा माथा काढा. ३० ते ४० किलो सहज कमी होतात. विटांवर क्रमांक टाका, फोटो काढा. पसरणी घाटातून टेंपोने आणताना उभाच ठेवा, आडवा नाही, आणि दोन पट्टे. घरात फळ्या अंथरून त्यावर एक इंची पाइपचे रोलर किंवा पॅलेट ट्रॉली. पायांवर ओढू नका: बीड दाब सोसतं, आडवा धक्का सोसत नाही, आणि पाय मुळाशी कटकन तुटतो. पहार दाराखाली किंवा राखेच्या पेटीखाली घालू नका, तळाच्या जाड कडेखाली घाला, मधे लाकडाचा तुकडा. चेन ब्लॉक लावायचा तर तिवईला, घराच्या तुळईला नव्हे. बसवून झाल्यावर प्रत्येक बिडाची प्लेट बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजली पाहिजे; चिरकी वाजली तर प्रवासात तडा गेलाय, आणि तो आग लावण्याआधीच दुकानदाराला दाखवायचा.

स्टोव्हच्या दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदलायची वेळ आली तर हार्डवेअरच्या दुकानात अजूनही ॲस्बेस्टॉसची दोरी पुढे करतात. घेऊ नका. फायबरग्लास किंवा सिरॅमिक दोरी मागा, जुन्या दोरीची जाडी मोजून.

पहिल्या तीन आगी छोट्या, चिपाट्यांच्या, अर्धा-एक तास, आणि मधे स्टोव्ह पूर्ण गार. रंग भाजतो त्याचा उग्र वास येईल, खिडक्या उघड्या ठेवा. थेट भडका दिलात तर ओलावा धरलेल्या विटा आणि सिमेंट फुटतात, कधीकधी बीडही. एकेरी पाइपवर स्टोव्हपासून ४५ सेंटिमीटरवर चुंबकाचा थर्मामीटर लावा. एमएसवर चिकटतो, एसएस ३०४ वर नाही. काटा १२० ते २४० अंशांत ठेवा. खाली राहिला तर काजळी धरते, फार वर गेला तर हवा कमी करा.

लाकूड. आर्द्रता २० टक्क्यांच्या आत हवी. मीटर फाडलेल्या ताज्या बाजूवर टोचा. बाहेरची साल नेहमी खोटं सांगते. बाभूळ उत्तम, निखारा टिकतो. सिल्व्हर ओक लवकर पेटतो, लवकर संपतो, पेटवणाला छान. निलगिरी चांगली, पण ओली फाडून एक पूर्ण उन्हाळा सुकवलेली. तुमच्याकडची अडचण ही की मे महिन्यात कोरडं असलेलं लाकूडही ऑगस्टपर्यंत हवेतून ओलावा पिऊन पुन्हा २० च्या वर जातं, छपराखाली ठेवलं तरी. म्हणून वाई-साताऱ्याकडच्या वखारीतून एप्रिल-मेमध्ये कोरडं घ्या, ८ ते १० सेंटिमीटर जाडीचं फाडून घ्या, आणि आठवड्याचं लाकूड घराच्या आत, स्टोव्हपासून मीटरभर दूर. संध्याकाळी चार तास चालवलात तर ६ किलोच्या आसपास लागेल, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी अर्धा टन. आवारातलं झाड तोडायचा विचार असेल तर महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. परवानगीशिवाय स्वतःचंही झाड तोडता येत नाही. प्लायवूड, रंगवलेली लाकडं, सनमायका आत टाकायचा नाही.

नळा महिन्यातून एकदा बॅटरीने बघा. थर ३ मिलिमीटर झाला की १५० चा ब्रश मारायचा. एसएसला नायलॉनचा किंवा एसएसचाच, साध्या तारेचा ब्रश गंज सोडतो. झाडून पडलेली काजळी आतल्या आडव्या पट्टीवर साठते आणि धूर तिथेच अडतो. ती काढायला बरेच जण विसरतात आणि मग ‘कालपर्यंत नीट ओढत होता’ म्हणतात. नळ्यातून रेल्वेसारखा घोंघावणारा आवाज आला तर आत आग आहे. दार आणि हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, १०१ ला फोन. स्टोव्हवर पाणी ओतू नका, तापलेलं बीड फुटतं. कोरड्या वाळूची बादली जवळ असू द्या.

मेअखेरीस राख पूर्ण काढा. राख हवेतलं पाणी ओढते आणि त्या खाऱ्या ओलीने बीड आतून गंजतं. ब्रश मारा, आतल्या बाजूला हलका तेलाचा हात, दार बोटभर उघडं, हवेची झडप उघडी. टोपीवर प्लॅस्टिक बांधायचं असेल तर दाराच्या मुठीला लाल कापड बांधून ठेवा. पावसाळ्यातल्या एखाद्या गारठ्याच्या रात्री पाहुण्यांपैकी कोणीतरी काडी ओढतोच.

सांगली-मिरजेकडे किंवा खाली सपाटीवर फार्महाऊसला हाच स्टोव्ह बसवू का, असं अनेकजण विचारतात. तिथे वर्षातल्या थोड्या रात्रींसाठी छपराला भोक पाडण्यात अर्थ नाही. अंगणात शेकोटी करा.